पंचवीसपैकी सव्वीस

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला संगीतातलं काही कळत असेल, असा आरोप आजवर कुणी केलेला नाही. माझ्यावर तर नाहीच नाही. संगीताशी माझा रोजचा संबंध एवढाच, की आमच्या शाखेतलं नोटा मोजायचं यंत्र एका लयीत फडफडत असतं आणि मध्येच एखादी चिकटवलेली नोट आली की सम चुकते. त्यामुळे अकोला जिल्ह्यातल्या एका गावचे तीन कार्यकर्ते माझ्या काउंटरपाशी येऊन "साहेब, खंजेरी भजन स्पर्धेले परीक्षक म्हनून या" असं म्हणाले, तेव्हा मला वाटलं, यांना कर्ज पाहिजे आहे आणि हे जरा लांबून सुरुवात करताहेत.

"अहो, पण मला भजनातलं काही कळत नाही," मी म्हणालो.

"थे आमाले माहीत हाय," त्यातले वडीलधारे शांतपणे म्हणाले. "भजनातलं कळनारे दोघं हायेत आमच्यापाशी. बेरीज करनारा पायजे."

खुलासा असा झाला, की आदल्या वर्षी कुणीतरी एकसष्ट आणि सतरा यांची बेरीज अठ्ठ्याऐंशी केली होती. त्या हातच्या दहा गुणांपायी गावातली दोन भजनी मंडळं पुढच्या पोळ्यापर्यंत एकमेकांच्या घरचं पाणी प्यायली नाहीत. म्हणून यंदा गावाने ठराव केला, की तिसरा परीक्षक बँकेतलाच असावा, आणि त्याला गाणं येत नसेल तर अधिक चांगलं.

वीस वर्षं मी बी. कॉम.ची पदवी भिंतीवर टांगून ठेवली आहे. तिचा असा संगीतमय उपयोग होईल असं विद्यापीठालाही वाटलं नसेल. मी हो म्हणालो. बिऱ्हाड अमरावतीला आणि नोकरी अकोल्याला, असा माझा संसार रेल्वेच्या वेळापत्रकावर चालतो. घरी फोन करून सांगितलं, की दुसऱ्या शनिवारी मी येणार नाही, मला परीक्षक म्हणून बोलावलंय. पलीकडे थोडा वेळ शांतता पसरली. मग सौभाग्यवती म्हणाल्या, "तुम्हाला? अहो, तुम्ही आरती म्हणायला लागलात की शेजारचे टीव्ही मोठा करतात."

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांसाठी खंजिरी म्हणजे काय ते सांगायला हवं. लाकडाचं एक कडं, त्याच्या एका बाजूला ताणलेलं चामडं, कड्याच्या भोकांत बसवलेल्या पितळी चकत्या. एवढंच. हे वाद्य खांद्यावरच्या झोळीत मावतं, पडलं तर फुटत नाही आणि त्याला वीज लागत नाही. या तिन्ही गोष्टींमुळे ते आमच्या भागाला फार मानवलं. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला 1909 साली जन्मलेल्या माणिक नावाच्या मुलाने ते हातात घेतलं. आडकोजी महाराजांनी त्याचा 'तुकड्या' केला, आणि पुढे तुकडोजी महाराजांनी या खंजिरीच्या जोरावर खेडीच्या खेडी झाडून काढली. व्यसनं सोडा, गाव स्वच्छ ठेवा, शिवाशिव पाळू नका, या गोष्टी सरकारने परिपत्रकातून सांगितल्या तर फायलीत बसतात. खंजिरीवर सांगितल्या की डोक्यात बसतात. त्यांनी 1935 साली मोझरीला गुरुकुंज आश्रम काढला, 1942 च्या चळवळीत ते तुरुंगात जाऊन आले आणि 1955 साली विश्वधर्म परिषदेसाठी जपानलाही जाऊन आले. आमच्याकडून जपानला आधी कापूस गेला होता. मग भजन गेलं. कापसाचा भाव त्यांनी ठरवला, भजनाचा भाव आमचा होता.

11 ऑक्टोबर 1968 रोजी महाराज गेले. मोझरी अमरावतीपासून नागपूर रस्त्यावर जेमतेम 35 किलोमीटर. लहानपणी मी आजीच्या पदराला धरून तिथल्या पुण्यतिथी महोत्सवाला जात असे. त्या वयात मला भजनापेक्षा बाहेरच्या रेवड्यांत अधिक गोडी होती. पुढे डेबिट-क्रेडिटच्या नादात दोन्ही सुटलं.

तर 2025 सालच्या 11 ऑक्टोबरला, शनिवारी, कार्यकर्त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून मी निघालो. अमरावती-अकोला महामार्ग हा साधासुधा रस्ता नव्हे. जून 2022 मध्ये याच मार्गावर 105 तास 33 मिनिटांत सलग 75 किलोमीटर डांबराचा थर टाकून गिनीज बुकात विक्रम नोंदवला गेला. त्या रस्त्यावरून आम्ही लोण्यावरून सुरी जावी तसे गेलो. मग गावाकडे वळलो. तिथे चार किलोमीटरचा आणखी एक विक्रम आहे, पण तो नोंदवायला गिनीजची माणसं अजून आलेली नाहीत. बहुधा वाटेत कुठेतरी अडकली असावीत.

शाळेच्या पटांगणात मांडव. एका बाजूला सोयाबीनच्या कुटाराचा ढीग, दुसऱ्या बाजूला रोडग्यांसाठी पेटवलेल्या गोवऱ्या. आम्हा तिघा परीक्षकांना पांढरी चादर घातलेल्या टेबलामागे बसवलं. एक निवृत्त गुरुजी, एक तबल्याचे जाणकार आणि एक अस्मादिक. प्रत्येकापुढे छापील तक्ता: ताल 25, सूर 25, शब्दोच्चार 20, शिस्त 15, पोशाख 15. मी आधी उभी बेरीज केली, मग आडवी केली. शंभर भरले. जिवात जीव आला.

पोशाखाला पंधरा गुण पाहून मला गंमत वाटली. शेंडगावचे गाडगेबाबा आमच्याच जिल्ह्यातले. अंगात ठिगळांचे कपडे आणि हातात फुटकं गाडगं घेऊन त्यांनी उभा महाराष्ट्र हलवला. ते या स्पर्धेत उतरले असते तर शेवटच्या रकान्यात शून्य घेऊन परत गेले असते. पण मी काही बोललो नाही. तक्ता छापून झाल्यावर तत्त्वज्ञान काढू नये, हे बँकेत शिकलो आहे.

पहिलं मंडळ बायकांचं. बाराही जणी पोपटी लुगड्यांत, कपाळाला एकाच मापाचं कुंकू, आणि सगळ्यांत पुढे उभी असलेली म्होरकी अशी, की तिच्याकडे पाहून लाऊडस्पीकरने खरखरणं बंद केलं. या बचत गटाचं खातं आमच्याकडेच. कर्जाचा एक हप्ता कधी चुकला नाही. ताल तरी कसा चुकणार? मध्येच एकीचं लहान मूल रडायला लागलं, तर त्या माउलीने एका हाताने मूल थोपटलं आणि दुसऱ्या हाताने खंजिरी. दोन्ही एकाच लयीत. मूल झोपलं, मांडव जागा राहिला.

दुसरं मंडळ तरुण पोरांचं. पांढरे सदरे, भगव्या टोप्या आणि डोळ्यांना काळे चष्मे. खंजिरीच्या कड्याला त्यांनी दिवाळीची लुकलुकती माळ गुंडाळली होती आणि तिची वायर एकाच्या खिशातल्या बॅटरीत गेली होती. चाल सिनेमातली, शब्द संतांचे. कडव्याच्या शेवटी सगळ्यांनी एकदम उडी मारायची असं ठरलं होतं. सहा जणांनी मारली, सातवा विसरला, आणि मग त्याने एकट्याने स्वतंत्र मारली. टाळ्या त्यालाच जास्त पडल्या. गुरुजींनी शिस्तीचे गुण कापले, पण हसू दाबताना त्यांचं पेन हललं ते मी पाहिलं.

तिसऱ्या मंडळाने सप्तखंजिरी मांडली. आमच्या अकोट भागातले सत्यपाल महाराज सात खंजिऱ्या पुढ्यात मांडून एकटे वाजवतात आणि त्यावर दारू, हुंडा, अंधश्रद्धा यांचा असा समाचार घेतात की ऐकणाऱ्याला हसावं की माफी मागावी ते कळत नाही. त्यांचं पाहून गावोगावची पोरं सात खंजिऱ्या मांडायला लागली. या पठ्ठ्याकडे पाचच होत्या. उरलेल्या दोन जागी त्याने घरातल्या स्टीलच्या ताटल्या लावल्या होत्या. भजन रंगात आलं आणि बायकांच्या घोळक्यातून आवाज आला, "अरे, ताटल्या कुठी हायेत म्हनून मी सकाळपासून पाहून रायली!" नंतरचं भजन पाच खंजिऱ्यांवर झालं.

दोन मंडळांच्या मधल्या वेळात बहुरूपी आला. आमच्या लहानपणी बहुरूपी पोलीस होऊन यायचा आणि वॉरंट काढून सगळ्या गावाला लग्नाला चला म्हणायचा. काळ बदलला. हा बँकेचा वसुली साहेब होऊन आला होता. सदऱ्यावर टाय, बगलेत फाईल, आणि बिनकाचांचा चष्मा. फाईल उघडून त्याने सरपंचांच्या नावावर पाच आश्वासनं मुद्दल आणि वर व्याज दाखवलं. गुरुजींच्या नावावर शाळेतल्या छड्या काढल्या. मग चष्मा नाकावर ओढून तो माझ्याकडे वळला.

"या साहेबायच्या खात्यात लय मोठी थकबाकी हाय," तो गरजला. "यायनं गावाले किती वेळा 'उद्या या' म्हटलं, त्याचा हिसाब केला. एकूण उद्या, अडीचशे! एकही उद्या अजून उगवला नाही!"

मांडव हसून लोळला. मीही हसलो. टेबलामागे बसलेल्या माणसाला हसावंच लागतं. पण हसू ओसरल्यावर माझ्या लक्षात आलं, की लोक जरा जास्तच वेळ हसत होते.

पाच वाजायला काही मिनिटं कमी असताना सगळं थांबवण्यात आलं. महाराज गेले त्या वेळेला, म्हणजे 4 वाजून 58 मिनिटांनी, मौन पाळतात. मोझरीला या क्षणी लाखो माणसं जागच्या जागी स्तब्ध होतात. इथे चारएकशे होती. पोपटी लुगडी, काळे चष्मे, बिनकाचांचा चष्मा, सगळे उभे राहिले. खंजिऱ्या छातीशी धरलेल्या. चकती वाजू नये म्हणून एका पोराने ती बोटांनी दाबून धरली होती. दिवसभर कानठळ्या बसवणारी ही माणसं इतकी गप्प राहू शकतात, याचं मला नवल वाटलं. कुठेतरी बैलाच्या गळ्यातली घंटी तेवढी वाजली.

आणि माझा मोबाईल वाजला.

लावणीची धून होती. ती माझ्या धाकट्याने मला न विचारता लावली होती, हे मी त्या चारशे लोकांना सांगू शकत नव्हतो. बटन सापडेपर्यंत दोन ओळी होऊन गेल्या. मौन संपल्यावर तोच नंबर पुन्हा आला. पलीकडून कुणी भामटा मधाळ आवाजात सांगत होता, "सर, आपलं बँक खातं आज रात्री बंद होणार आहे, ताबडतोब केवायसी करा." वीस वर्षं लोकांना जे ऐकवलं ते मला ऐकवणारा कुणीतरी भेटला.

शेवटचं मंडळ दिवेलागणीला आलं. माणसं मोजून तीन. एक म्हातारे आबा, एक त्यांच्याच वयाचे एकतारीवाले, आणि टाळ घेतलेला दहा वर्षांचा नातू, शाळेच्या सदऱ्यात. पेटीवाला सोयाबीन काढायला गेला होता, तो परत आलाच नव्हता. आबांनी मांडवामागे पऱ्हाट्यांचा जाळ करून खंजिरी शेकली, कानाशी नेऊन बोटाने टिचकी मारली, आणि येऊन बसले. पोशाख म्हणावा असा काही नव्हता. मी शेवटच्या रकान्यात शून्य मांडून मोकळा झालो.

आवाज फुटका होता. सूर तर पहिल्याच ओळीत घसरला, तो शेवटपर्यंत उठला नाही. मी अकरा लिहिले, तेही वयाकडे पाहून. मग आबांनी डाव्या हाताच्या अंगठ्यात कडं अडकवून उजव्या हाताची बोटं सोडली.

आधी अगदी हळू. धूळपेरणी करून बसलेल्या शेतावर पहिला शिंतोडा यावा तसं. मग सर आली. मग असं वाटलं की कापसाने भरलेल्या बंड्या उतारावरून एकामागून एक येताहेत आणि एकीचंही चाक दुसरीत अडकत नाही. मांडवातली कुजबुज थांबली. तबल्याच्या जाणकारांनी पेन खाली ठेवलं. नातू टाळ वाजवायचं विसरून आजोबांच्या हाताकडे पाहत राहिला, आणि मीही पाहिलं.

ती बोटं माझ्या ओळखीची होती.

चेहरा नंतर ओळखू आला. काउंटरवर मी चेहरे पाहत नाही. काचेखालच्या फटीतून फक्त हात आत येतात. हे हात गेल्या तीन महिन्यांत चार वेळा आत आले होते. श्रावणबाळ योजनेचे दरमहा दीड हजार आबांच्या खात्यात जमा होत होते, पण केवायसी राहिल्याने निघत नव्हते. अंगठ्याच्या यंत्रावर बोट ठेवलं की लाल दिवा लागायचा. दहाच्या दहा बोटं ठेवून झाली. मी सांगितलं, साबणाने धुऊन या. ते धुऊन आले. मी सांगितलं, व्हॅसलीन लावून या. ते लावून आले. लाल दिवा हटेना. शेवटी मी वैतागून विचारलं होतं, "आबा, बोटांवरच्या रेषा गेल्या तरी कुठं?"

"भजनात गेल्या, सायेब," ते म्हणाले होते.

मला वाटलं, म्हातारा अध्यात्म सांगतोय. "उद्या या," मी म्हणालो होतो.

खरं सांगायचं तर यंत्राशिवायही केवायसी होते. त्यासाठी दोन पानी फॉर्म भरावा लागतो, कागद तपासून शिक्का मारावा लागतो आणि खातेदार अशिक्षित असला तर तो आपणच लिहावा लागतो. अर्ध्या तासाचं काम. मशीन 'नाही' म्हणतं, हे वाक्य तीन सेकंदांत होतं. माणूस हिशेबी असला की कोणतं निवडतो, हे सांगायला नको.

भजन संपलं. मी तक्ता भरला, बेरीज केली, गुरुजींकडे सरकवला. गुरुजींनी चष्मा वर केला.

"साहेब, तालाला पंचवीसपैकी सव्वीस?"

मी पाहिलं. माझंच अक्षर होतं. इतक्या वर्षांत माझ्या हातून जास्तीची नोंद झाल्याचं उदाहरण नाही. एकदा सात रुपये जास्त निघाले होते, तेव्हा मी रात्री नऊपर्यंत बँकेत बसून ते शोधले होते. "खोडा," गुरुजी म्हणाले. मी नियमाप्रमाणे आडवी रेघ मारली, शेजारी पंचवीस लिहून छोटी सही केली. पण शिक्षक तो शिक्षक. निकाल सांगताना त्यांनी माइकवरून ही चूक सगळ्या गावाला वाचून दाखवलीच. बहुरूपी सगळ्यांत जोरात हसला.

पहिला नंबर पोपटी लुगड्यांना मिळाला, आणि तो रास्त होता. आबांच्या मंडळाची बेरीज एकोणसाठ भरली. पोशाखाचं शून्य नडलं. त्यांना उत्तेजनार्थ पाचशे एक रुपयांचं बक्षीस मिळालं. व्यवहार चोख असावा म्हणून गावातल्या एका दात्याने सगळी बक्षिसं चेकने दिली होती. आबांनी चेक दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि नातवाच्या दप्तरात ठेवला. मग आम्ही वांग्याच्या भाजीशी रोडगे खाल्ले. तूप वाढणाऱ्याचा हात सैल होता. तरी मला ते नीट गिळले गेले नाहीत.

सोमवारी सकाळी फटीतून हात आत आला. हातात चेक.

"आबा, आत या," मी म्हणालो. आयुष्यात प्रथमच मी काउंटरच्या आतली खुर्ची खातेदाराला दिली. शिपायाला वाटलं मोठे ठेवीदार आलेत, त्याने न सांगता चहा आणला. मी फॉर्म काढला. नाव, गाव, वय विचारलं. व्यवसायाच्या रकान्यात 'शेतमजूर' लिहिलं आणि शाईचं पॅड पुढे केलं. आबांनी अंगठा दाबला. कागदावर निळा गोल उमटला, त्यात एकही रेघ नव्हती. जणू पावसाने धुऊन नेलेली पायवाट.

खाली एक ओळ छापलेली असते: 'सदर खातेदारास मी व्यक्तिशः ओळखतो.' तिथे मी सही केली. आजवर या ओळीखाली शेकड्याने सह्या केल्या असतील, पण खरी अशी ही बहुधा पहिलीच.

एकूण पस्तीस मिनिटं लागली. रांगेतल्या माणसांनी आपसात माझ्याविषयी जे मत मांडलं ते लिहिण्यासारखं नाही. आबांना अडकलेले साडेचार हजार मिळाले. त्यांनी ते मोजले नाहीत, नातवाकडे दिले. त्याने दोनदा मोजले. पोरगा पुढे बँकेत लागेल.

पाचशे एकचा चेक मात्र तीन दिवसांनी परत आला. दात्याची सही जुळली नव्हती. त्यांची बोटं कशाने झिजली, हे मी विचारलं नाही. तोंड पाडून मी ही वार्ता आबांना सांगितली आणि म्हटलं, दाता गावचाच आहे, नवा चेक लिहून घेऊ, आपण उद्या—

जीभ चावली. "आजच जाऊ," म्हणालो.

"जाऊ द्या ना सायेब," आबा म्हणाले. "सव्वीस मार्क तं भेटले."

ते मी खोडले होते, हे सांगायचा मला धीर झाला नाही.